कुंदाताईंनी तारीख बदलली नाही

कुंदाताई रेवतकर आमच्या वस्तीत पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दारात खाटेवर मुगवड्या घालत होते. मला वाटलं, बाई सर्वेवाल्या दिसतात, आता घरात माणसं किती नि कूलर किती विचारतील. त्यांनी तसलं काही विचारलं नाही. मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, "मावशी, एवढं वाचून दाखवता का?"

माझी शाळा चौथीपर्यंतची. हात पदराला पुसून मी वाचायला लागले. 'प्राप्तकर्ता' या शब्दापाशी अडले. त्यांनी तो शब्द तिथल्या तिथं काढला आणि 'ज्याला रक्त पाहिजे' असं लिहिलं. मग पुढची ओळ. जिथं मी अडले तिथं त्यांनी शब्द बदलला. वड्या तशाच राहिल्या, अर्धं पीठ चिमण्यांनी नेलं, पण ती दुपार मला आवडली. इतक्या शिकलेल्या माणसानं माझं वाचन इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा कळलं की त्या पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवतात आणि रिकाम्या वेळात या ॲपचं काम करतात. ज्याला रक्त पाहिजे आणि ज्याला द्यायचं आहे, त्यांची गाठ घालून देणारं ॲप. मी विचारलं, पगार किती देतात? त्या म्हणाल्या, काहीच नाही. मग काहून करता, म्हटलं. त्यांनी समजावलं की हे कोण्या एकाचं नाही. आतलं सगळं लिखाण उघडं आहे, कोणीही पाहावं, चूक दिसली तर सुधारावं, आपल्या गावासाठी घेऊन जावं. मला ते माझ्या परीनं समजलं. दीक्षाभूमीवर दूरदूरची माणसं येतात तेव्हा रस्त्यानं जागोजागी भोजनदान असतं. कोणी भात आणतं, कोणी भाजी, कोणी नुसत्या पत्रावळ्या उचलतं. तसंच हे. कुंदाताई हसून म्हणाल्या, "मग मी पत्रावळ्या उचलणारी."

माझी नात प्रज्ञा हिला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार खूप घरांत आहे, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही. तिचं दुखणं उठलं की पोरगी कपड्यासारखी पिळून निघते आणि कधी कधी रक्त चढवावं लागतं. तिचा गट ओ निगेटिव्ह. तिला दुसऱ्या कोणत्याच गटाचं चालत नाही. आमच्या गल्लीत तिच्याशिवाय या गटाचा एकच माणूस, राजू वेल्डर. त्याचं नाव कुंदाताईंनी ॲपमध्ये घातलं त्या दिवसापासून मला झोप चांगली लागायची.

आता आमच्या वस्तीचं एक सांगते. आमच्याकडे जयंती म्हणजे एकच, एप्रिलातली, आणि जयंतीला रक्तदान म्हणजे सगळ्यांनी. नवरदेव देतो, परीक्षेचा पोरगा देतो. मागं राहिला त्याला वर्षभर टोमणे. त्या वर्षीही विहारासमोर मांडव पडला आणि सगळी गल्ली तिथल्या खाटांवर झोपून, रक्त देऊन उठली. राजू सगळ्यात पुढे. मी स्वतः सगळ्यांना सरबत वाटलं. फार आनंद झाला होता.

आणि मग नवतपा लागला, मे अखेरचे ते भट्टीसारखे नऊ दिवस. त्या उन्हात प्रज्ञाला ताप आला, श्वास लागला, डोळे हळदीसारखे झाले. तिची आई आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी झालंय, संध्याकाळपर्यंत चढलं पाहिजे. त्यांच्या रक्तपेढीत तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. एवढ्या भर उन्हाळ्यात शिबिरं होत नाहीत, कॉलेजं बंद, कुठंच नव्हती.

मी कुंदाताईंना फोन केला. त्या रिक्षा करून आल्या, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. मी म्हटलं, चिंता कशाची, आपला राजू आहे ना. त्यांनी ॲप उघडून दाखवलं. राजूचं नाव राखाडी झालं होतं. एकदा रक्त दिलं की तीन महिने ते नाव झोपतं, कोणाला मिळत नाही. आमची सगळी गल्ली राखाडी होती. सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं आणि सगळे एकदमच झोपले.

तोवर राजू येऊनच पोहोचला, हातात वेल्डिंगचा चष्मा तसाच. म्हणाला, "मॅडम, माही तारीख जराशी मांगं घ्या ना. मी धडधाकट हाय."

कुंदाताई म्हणाल्या, "नाही राजू."

मग मी बोलले. वयानं मोठी, पण हात जोडून बोलले. "बाई, हे ॲप तुमच्याच हातचं हाय ना? एक तारीख त बदलाची हाय."

"माझ्या हातचं आहे म्हणूनच नाही बदलणार, मावशी," त्या म्हणाल्या. "याच्या अंगात अजून रक्त भरलेलं नाही. आणि आज मी खोटी तारीख टाकली, तर उद्या यातल्या कोणत्याच तारखेवर डॉक्टर भरवसा ठेवणार नाही."

आज हे लिहिताना त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या वेळी मला फक्त आतली पोरगी दिसत होती. मी तोंड फिरवून बसले. राजू तर माझ्याहून अडेल. तो सरळ खाली रक्तपेढीत गेला, जयंतीचं लपवलं आणि हात पुढे केला. त्यांनी बोटाला सुई टोचून रक्त पाहिलं आणि त्यालाच विचारलं, तू उभा कसा आहेस? लोखंडाजवळ दिवसभर भाजून निघालेला माणूस, त्यात मांडवात दिलेलं रक्त भरून आलं नव्हतं. तो वर आला, भिंतीला टेकला आणि खाली पाहत म्हणाला, "बरोबर हाय मॅडमचं."

त्याला बरोबर म्हणताना ऐकलं आणि मी खाली फरशीवरच बसले. कारण आता कोणीच उरलं नव्हतं.

कुंदाताईंनी त्याला काही सुनावलं नाही. कँटीनमधून ताक आणलं, एक पेला त्याला, एक मला. माझा मी घेतला नाही. त्या माझ्या शेजारीच फरशीवर बसल्या आणि, शहरातली या गटाची नावंही राखाडीच निघाली म्हणून, शहराबाहेरची नावं काढून एकेकाला फोन लावायला लागल्या. कळमेश्वरचा एक जण कारखान्यात, फोन गेटवर जमा. दुसरा लग्नाला परगावी. तिसऱ्याला कावीळ होऊन गेलेली. दर वेळी त्या तितक्याच शांतपणे नमस्कार म्हणायच्या आणि पहिल्यापासून सांगायच्या. आतून नर्स येऊन विचारून गेली, मिळालं का?

मग भिवापूरचा एक माणूस लागला, देवानंद म्हणून, मिरचीच्या गिरणीत कामाला. तो म्हणाला निघतो. आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना. ऊन खिडकीतून सरकत सरकत समोरच्या भिंतीवर गेलं. मी मनात म्हटलं, नाही येत हा. कोणाच्या नातीसाठी कोण एवढ्या उन्हात बसमध्ये बसेल?

तो आला तेव्हा आधी वास आला. कपड्यांना मिरचीची पूड, तसाच उठून आलेला. सगळा व्हरांडा शिंकायला लागला, राजूसकट. देवानंद ओशाळून म्हणाला, "माफ करजा, आंघोळीले थांबलो नाही." मी त्याचे दोन्ही हात धरले आणि मग माझे डोळे रात्रीपर्यंत चुरचुरले. मी सगळ्यांना मिरचीच सांगितली.

त्याचं रक्त घेतलं, तपासलं, आणि दिवे लागायच्या सुमारास पिशवी प्रज्ञाच्या उशाशी टांगली गेली. तेव्हा मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्यांनी उरलेलं ताक पुढे केलं. गरम झालं होतं. मी प्याले.

दुसरं कोणी असतं तर तिथंच विसरलं असतं. कुंदाताई पुढच्या जयंतीच्या आधी विहारात आल्या आणि म्हणाल्या, यंदा सगळ्यांनी एका दिवशी रक्त देऊ नका. मोठा गलका झाला. आमच्या वस्तीतले एक बुजुर्ग काका उठून म्हणाले, "जयंतीले नाही देऊ त कवा देऊ?" कुंदाताई भांडल्या नाहीत. मागून प्रज्ञा उभी राहिली.

"मले बारा महिने लागते, काका. जयंतीलेच नाही."

काका खाली बसले. आता आमच्याकडे पाळ्या आहेत. काही जण जयंतीला देतात, काही आषाढ पौर्णिमेला, काही धम्मचक्राच्या दिवशी. भांडण अजूनही होतं, जयंतीची पाळी कोणाला यावरून. काकांनी ती लढून मिळवली आहे. कुंदाताईंनी पाळ्यांची ही सोय ॲपमध्येच घातली आणि सगळं उघडं असल्यामुळे दुसऱ्या गावांनीही ती घेतली म्हणतात. त्यांच्याकडचे सणवार वेगळे असतील. प्रज्ञा आता कॉलेजात आहे, बाईंच्या हाताखाली त्याच ॲपचं काम शिकून राहिली आहे. रक्त देता येत नाही म्हणून पत्रावळ्या उचलते, असं मला म्हणते.

त्या ॲपमध्ये अवयवदानाचंही पान आहे. तिथं कुंदाताईंनी स्वतःचं नाव केव्हाच लिहून ठेवलं आहे. डोळे, किडन्या, सगळं. मला दाखवलं तेव्हा चालत्याबोलत्या माणसाचं असं काही वाचू नये वाटलं. पुढं मीही लिहिलं. गुडघे कोणी घेणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं.

तर कुंदाताई, आज तुमची साठी झाली, तुमचं औक्ष खूप लांब असो, तब्येत खणखणीत राहो. तुमचे डोळे ज्या लेकराला मिळणार आहेत ते अजून जन्माला यायचं आहे, त्याची आई अजून शाळेत जाऊन राहिली आहे, असं धरून मी चालते. तोवर ते डोळे तुमच्याच चष्म्यामागं राहू द्या. त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं नाही, चांगलं केलं. पण या एका तारखेचं माझं ऐका. ही तारीख जितकी पुढं ढकलता येईल तितकी ढकला.