पेन्सिलीने लिहिलेली मूस

ब्लाझेना शेयनोहोवाबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरी माणसं सापडतील. मला लिहायची सवय नाही. पण तिच्या शेजारच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं बसलो, आणि जे घडलं ते माहीत असणारा आता मी एकटाच उरलो आहे.

लाबे नदीकाठच्या आमच्या रसायन संस्थेत ती काच वितळवायची. पावडरी तोलायच्या, मुशीत घालून भट्टीत ठेवायच्या, रस झाला की पितळी पाट्यावर ओतायचा. एकतीस वर्षांत तिचं एकही वजन चुकलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तराजू हाच तिचा मान.

रस ओतण्याआधी ती सळीने एक थेंब उचलून त्याची तार ओढी. नुसत्या फॉस्फेटची तार भट्टीपासून दारापर्यंत जाई. बोरॉन वाढवत नेला की तार आखूड होई.

"हे बघ लोइझा," ती एकदा मला म्हणाली, "फॉस्फरस म्हणजे लग्नातल्या नाचाची रांग. एकमेकांचे हात धरलेले, लांबच लांब. पाणी शिरलं की रांग तुटते. बोरॉन चार हातांचा गडी. तो दोन रांगा एकत्र बांधतो, काच घट्ट होते. पण त्याला फार आग्रह केलास ना, की चौथा हात खिशात घालतो लबाड. मग काच पुन्हा ढिली."

"आपल्या साहेबांसारखा," मी म्हणालो.

"अगं बाई, लोइझा बोलला! कुणीतरी तारीख लिहून ठेवा रे."

त्या वर्षी आम्ही सहा काचा करत होतो. जस्त तेवढंच ठेवायचं, फॉस्फरस पाच-पाच भागांनी कमी करून तेवढा बोरॉन घालायचा. प्रत्येक काचेचा तुकडा जॅमच्या बरणीत, पाण्यात, खिडकीशी. दर सोमवारी पुसून तोलायचा. पहिला आठवड्यातच धुरकटला. दुसरा, तिसरा जरा टिकले. चौथ्याचं वजन मात्र सहा आठवडे केसभरही हललं नाही. आमचे प्रमुख हाव्रानेक साहेब ती बरणी प्रत्येक पाहुण्याला दाखवू लागले.

खरी गोष्ट अशी की चौथ्या काचेच्या वेळी प्लॅटिनमच्या मुशीला भोक पडलं होतं आणि ती दुरुस्तीला गेली होती. ब्लाझेनाने अॅल्युमिनाची पांढरी मूस वापरली. फॉस्फेटचा रस तसल्या मुशीची भिंत खातो, आणि खाल्लेलं अॅल्युमिनियम काचेत मुरतं. तेही रांगा बांधतंच. म्हणजे पाण्यात टिकण्याचं श्रेय बोरॉनचं किती आणि मुशीचं किती, सांगता येत नव्हतं. तिने नोंदीच्या कागदावर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: "प्लॅटिनम नव्हतं. पांढरी मूस. भिंत झिजली. पुन्हा करावी."

आमच्याकडे रीत होती. शाईने लिहायचे ते साहेबांनी मान्य केलेले आकडे. पेन्सिल ही भट्टीवरच्या माणसाची. कागद पक्का करताना कच्च्या कागदावरची पेन्सिल खोडून शाईची नवी प्रत काढायची, पण आधी लिहिणाऱ्याला विचारून. कागद पक्के करणं माझं काम होतं. मी विचारलं, पण तिला नाही, साहेबांना.

"पेन्सिल म्हणजे स्वयंपाकघरातली कुजबुज," ते हसून म्हणाले. "शुक्रवारी लेख पाठवायचाय. खोडा."

मी खोडलं.

दुपारी तिने विचारलं, "चौथी कधी करायची परत?"

"साहेब म्हणाले, गरज नाही."

"माझी नोंद वाचली ना त्यांनी?"

"वाचली," मी म्हणालो.

लेख छापला गेला. दोन वर्षांनी उत्तरेकडच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांनी आमच्याच प्रमाणात, प्लॅटिनममध्ये, तीच काच केली होती. पाण्यात ती तिसऱ्याच आठवड्यात झिजायला लागली. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"वजनात गफलत झालेली दिसते, बाई."

"वजनात?" ती इतक्या हळू बोलली की मी दचकलो. "मूस वेगळी होती साहेब. मी लिहून ठेवलंय. लोइझा, कागद काढ."

मी पक्का कागद काढला. कोपरा कोरा होता. तिने तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू सांग ना."

"मला... नीट आठवत नाही," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात तिला बाटल्या धुण्याच्या खोलीत टाकलं. तिथे तराजू नव्हता. जेवणाच्या खोलीत ती माझ्यासमोर बसायची थांबली नाही, हे सगळ्यात वाईट. रोज समोर बसे, आपली पोळीची पुडी सोडी, खाई, आणि मी तिथे नसल्यासारखी उठून जाई. निवृत्तीपर्यंत असंच.

कच्चा कागद मी फेकला नव्हता. का, ते मलाही सांगता येणार नाही. साहेब वारल्यावर, म्हणजे धोका उरला नाही तेव्हा, तो घेऊन मी तिच्या घरी गेलो. टेबलावर आलुबुखाराच्या पोळ्या गार होत होत्या. कागद खिडकीशी तिरपा धरला की खोडलेल्या अक्षरांच्या खाचा अजून दिसत.

तिने चष्मा लावून त्या वाचल्या. सगळ्या, दोनदा. मग फडताळातून शाईचं पेन आणलं आणि त्याच खाचांवरून अक्षरन् अक्षर गिरवलं. शाई वाळेपर्यंत ती फुंकर मारत राहिली. कागद माझ्यापुढे सरकवला आणि कपाटातलं खोडरबर त्यावर ठेवलं.

"आता खोड," ती म्हणाली.

मी टोपी उचलली. आमच्याकडे दारात आलेल्या पोस्टमनलाही कॉफी विचारतात. तिने विचारली नाही.