खिडकीखालचा केना

इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला फुलांचं कौतुक कुठून असणार? उजाडायच्या आत ती घराबाहेर पडायची आणि दुपार कलल्यावर वाफेने उकडलेले हात घेऊन परत यायची. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत मेल्यासारखी झोपायची. घरात गुडघ्यांनी जायबंदी झालेली आई, आईच्या पलंगाशी एक खिडकी, एवढाच तिचा संसार.

हल्ली आईने नवीनच टुमणं लावलं होतं. खिडकीखाली केना फुललाय म्हणे, निळाभोर. लेक आल्या आल्या घरामागे जाऊन बघायची, तर भिंतीलगत नुसतं रान माजलेलं, निळा ठिपकासुद्धा नाही. आधी ती हसली, मग चिडली, आणि शेवटी तिने दादाच्या कानावर घातलं. तिथेच चुकलं. दादा म्हणजे थोरला भाऊ. यायचा घटकाभर आणि निकाल द्यायचा जन्माचा! आईला भास होतात, आज फुलं दिसतायत, उद्या गॅस चालू ठेवून बसेल, असं म्हणून तो वृद्धाश्रमात जागाही बघून आला. हे सगळं बोलणं आईच्या समोर, जणू ती बहिरीच. रविवारी तिला न्यायचं ठरलं. लेकीने मान डोलावली. खोटं कशाला बोला, तिला हायसंच वाटलं. इतकी दमली होती बिचारी, की कुणी ओझं उतरवतो म्हटल्यावर ते ओझं कुणाचं, हेही तिने पाहिलं नाही.

शुक्रवारी धुलाईखान्यातला बॉयलर बंद पडला आणि सगळ्या बायकांना सकाळीच घरी धाडलं. ती मागच्या बाजूने आली आणि जागीच थबकली. भिंतीलगत निळंच निळं! ती उकिडवी बसली. उंदराच्या कानांसारख्या दोन पाकळ्या, खाली तिसरी इवलीशी, आणि दुमडलेल्या पानाच्या पुडीतून डोकावणारं फूल. पानं मात्र ओळखीची होती. रोज दुपारी ती हेच तर तुडवत होती. अंगात उठायचं त्राण नव्हतं म्हणून म्हणा, ती तिथेच बसून राहिली. ऊन चढलं तशी फुलं एकेक करून आक्रसली, पुडीत विरघळली, आणि तिच्या रोजच्या यायच्या वेळेआधीच मागे नुसतं रान उरलं. शेवटचं उघडं फूल तेवढं तिने मिटायच्या आत खुडून घेतलं होतं, ते घेऊन ती आत आली.

"आई, हा बघ तुझा केना. खरंच फुलतो गं. दुपारी मिटतो, म्हणून मला कधी दिसला नाही."

आईने फुलाकडे पाहिलं. तिला ते ओळखू आलं, हे लेकीला स्वच्छ दिसलं. मग म्हातारीने हळूच तोंड भिंतीकडे वळवलं.

"काही नाहीये तुझ्या हातात," ती म्हणाली. "मला आता असलं काही दिसत नाही. दादाला सांग, आई बरी झाली."