मोगरीच्या कानातला कापूस

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही, म्हणून मालक दोघांचं बोलून घेतो. म्हैस दूध का देत नाही हे सांगता सांगता सून कुठं चुकते इथवर गाडी येते! त्यामुळे आम्हाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते शेणासारखे बुटाला चिकटून घरापर्यंत येतात. आष्ट्याजवळच्या एका गावात मी अकरा वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. बाकीचे किस्से आले तसे धुतले गेले. नाना दफेदारांच्या मोगरीचे मात्र अजून निघालेले नाहीत.

नाना फौजेत घोड्यांच्या तुकडीत दफेदार होते. चोवीस वर्षं घोडे सांभाळून गावी आले आणि ऊस करता करता पुन्हा एक घोडी घेऊन बसले. मोगरी, पांढरीशुभ्र. गावातला प्रत्येक नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात गेलेला. नानांची अट एकच, नवरदेव प्यालेला नको.

* * *

जानेवारीत एका सकाळी नानांचा फोन आला. "मॅडम, मोगरी लाकडाची झालीया."

नानांना वाढवून बोलायची सवय नाही, पण मला संशय घ्यायची आहे. जाऊन बघते तर खरंच लाकडाची झालेली! चारी पाय फाकून बाजल्यासारखी उभी, शेपूट ताठ, कान ताठ, दातखीळ बसलेली. मी हलकी टाळी वाजवली तर सगळं अंग थरथरलं. धनुर्वात.

"कुठं लागलं होतं का हिला?"

"तीन आठवड्यामागं खुरात खिळा घुसला हुता. मीच उपसला. हळद दाबली."

"आणि धनुर्वाताचं इंजेक्शन?"

"घेतलं की! त्याच दिवशी."

माझा जीव भांड्यात पडला. "कुणाकडून घेतलंत?"

"आष्ट्याच्या डॉक्टरकडनं. उपसताना त्योच खिळा माझ्या अंगठ्यात घुसला न्हवं!"

"नाना, मी घोडीचं विचारतेय."

नानांनी अंगठा मुठीत लपवला. फौजेत तबेल्यातल्या एकाही घोड्याची सुई चुकू न दिलेला माणूस. म्हणाले, "माझं मला याद आलं. तिचं न्हाई आलं."

मालकांवर ओरडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या दिवशी मात्र मी नुसती बॅग उघडली.

* * *

अशी घोडी बरेचदा जगत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. एकदा खाली पडली की उठणं कठीण. ती उभी राहिली पाहिजे, बस्स. सांगलीहून औषध मागवलं. ते टोचत असताना नानांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, बाटली उलटसुलट करून पाहिली.

"ह्ये कशापास्नं करत्यात हो?"

म्हटलं, "घोड्याच्याच रक्तापासून. निरोगी घोड्याच्या रक्तातून काढतात आणि आजारी घोड्याला देतात."

नानांनी मान हलवली. "म्हंजी भावकीच आली म्हणा धावून."

"हां, तसंच."

"चांगलं हाय," नाना म्हणाले. "आमच्या गावात भावकीनं मदत केल्याली मी पयल्यांदाच बघतुया!"

तेवढ्या काळजीतसुद्धा काकू हसल्या. मग तोंडावर हात ठेवला, कारण हसण्याचाही आवाज होतो.

* * *

औषध निम्मं आणि शांतता निम्मी, असं मी सांगून ठेवलं होतं. गोठ्यात अंधार हवा, घोडीच्या कानात कापूस हवा, आणि आवाज अजिबात नको. साधं घमेलं पडलं तरी तिचं सगळं अंग आवळून यायचं, आणि त्यात तोल गेला की संपलं. नानांनी हा सल्ला म्हणून घेतला नाही, ऑर्डर म्हणून घेतला! आमच्या गावात दर दुसऱ्या घरात एक फौजी आहे. संध्याकाळपर्यंत गोठ्याच्या भिंतीवर ड्युटीचा तक्ता लागला. दोन-दोन तास, दोन्ही बाजूंच्या रस्त्यावर एकेक माणूस.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून निघाले, तर चौकातच एका रिटायर हवालदारांनी हात आडवा केला.

"गाडी बंद. हितनं फुडं पायी. चपला हातात."

"अहो, मी डॉक्टर आहे तिची!"

"म्हणून तर हळू सांगतुया. दुसरं कोण असतं तर वरडलो असतो."

"ओरडायलाच तर बंदी आहे ना?"

हवालदारांनी क्षणभर विचार केला. "तीच तर पंचाईत झालीया, मॅडम."

मी चपला हातात घेऊन गेले. पुढचा महिनाभर रोज तशीच गेले. मला आयुष्यात एवढ्या शिस्तीचं हॉस्पिटल पुन्हा बघायला मिळालेलं नाही.

उसाचे ट्रॅक्टर मात्र हवालदारांनाही ऐकेनात. हंगाम ऐन भरात, आणि गाणी लावल्याशिवाय आमच्याकडे ऊस कारखान्यावर जातच नाही. शेवटी सुमनकाकू स्वतः रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हर बिचारा हात जोडून म्हणाला, "काकू, गाणं बंद केलं की मला झोप येतीया!"

दुसऱ्या दिवसापासून काकू चहाची किटली घेऊन अलीकडच्या वळणावर. ड्रायव्हर चहा प्यायचे, गाणं बंद करायचे आणि कॅनॉलच्या बाजूनं लांबचा वळसा घालून जायचे. काकूंनी एकाही खेपेला किटली रिकामी पडू दिली नाही.

* * *

सगळ्या गावाला कळावं म्हणून सरपंचांनी मनावर घेतलं. माणूस उत्साही. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीचा भोंगा कडाडला!

"ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, नाना दफेदारांची घोडी आजारी असून, गावात कुणीही, कुठल्याही प्रकारचा, मोठा आवाज करू नये!"

मोगरी कमानीसारखी आवळली. नाना एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, दोघांनी खांदे लावले. भोंगा थांबेना, कारण सरपंचांनी महत्त्वाची सूचना म्हणून ती दोनदा वाचली! मोगरी कशीबशी उभी राहिली. आम्ही दोघं घामानं निथळत होतो.

दहा मिनिटांत सरपंच अनवाणी आले. रडवेले झाले होते. नाना त्यांना काहीतरी बोलणार असं मला वाटलं. नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात पुटपुटले, "चुकतंय माणूस. माझ्याकडनं तर तुमच्यापरीस मोठं चुकलंय."

सरपंचांनी त्या दिवसापासून दुपारची ड्युटी मागून घेतली.

* * *

पाचव्या दिवशी मागचे पाय लटपटायला लागले. आता तिला पोटाखालून पट्टा घालून वर टांगून धरणं भाग होतं. शिंप्यानं ताडपत्रीचा रुंद पट्टा शिवून दिला. गॅरेजवाल्यानं साखळीची कप्पी आणली, पण तिचा खडखडाट एवढा, की ती दारातूनच परत पाठवली. मग नानांनी तालमीच्या वस्तादांना निरोप धाडला.

वस्ताद आठ पैलवान घेऊन आले. आठही जण मांजराच्या पावलानं गोठ्यात शिरले. वस्तादांनी बोटं दाखवली. एक, दोन, तीन. कुणाच्या तोंडून 'हूं' नाही, आणि घोडी पट्ट्यासकट वर! नानांनी पट्ट्याचे दोर वरच्या लोखंडी तुळईला बांधले. मोगरीचे पाय जमिनीला टेकलेले, भार सगळा पट्ट्यावर. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

तेवढ्यात बघते तर वस्तादांचा उजवा हात वर उचललेला! चाळीस वर्षांची सवय. डाव जिंकला की मांडीवर शड्डू ठोकायचा. आणि वस्तादांचा शड्डू म्हणजे शेजारच्या गावात ऐकू जातो.

नानांनी झेप घेऊन त्यांचं मनगट हवेतल्या हवेत धरलं. दोघं तसेच उभे, एकमेकांकडे बघत.

बाहेर आल्यावर वस्ताद म्हणाले, "सत्तरीत मला पकड बसली रं! ती बी दफेदाराची!"

* * *

त्याच आठवड्यात शेजारच्या सुतारांच्या संभाचं लग्न. त्याला मोगरीचा शब्द दिलेला. नानांनी दुसऱ्या गावाहून घोडा बघून देतो म्हटलं, तर संभा ऐकेना. "मोगरी न्हाई तर मी चालत जातो, नाना."

वरात तर निघाली, पण रस्ता नानांच्या गोठ्यावरूनच. बँडवाल्यांनी वाद्यं काखेत मारली. आता पोरांनी नाचायचं कसं? प्रत्येकानं आपापल्या कानात इअरफोन घातले, प्रत्येकाचं गाणं वेगळं! कुणी लावणीवर कंबर हलवतोय, कुणी हलगीवर उड्या मारतोय, कुणी डोळे मिटून नागीण झालाय, आणि रस्त्यावर चिटपाखराचा आवाज नाही.

ओट्यावर बसलेल्या एका आजींनी हे पाहिलं आणि सुमनकाकूंच्या कानाशी लागल्या. "आगं बया, ह्या पोरांस्नी बी धनुर्वात झालाय व्हय?"

नवरदेव मात्र गोठ्यासमोर थांबला. मुंडावळ्या बाजूला करून त्यानं अंधाराच्या दिशेनं हात जोडले आणि चालत पुढं गेला. या गावाला नावं ठेवायची मला खोड आहे, पण त्या दिवशी मी ती आवरली.

* * *

दातखीळ बसलेली घोडी खात नाही. कोंड्याची पातळ पेज आणि गुळाचं पाणी बादलीत घालून नाना छातीच्या उंचीवर धरून उभे राहायचे. ती दातांच्या फटीतून सुर्र करून थोडं थोडं ओढायची. एक बादली संपायला तास लागायचा. बादली खाली ठेवा, दम खा, असं मी म्हटलं की नाना मान हलवायचे. "खाली ठिवली तर तिची मान पोचत न्हाई."

पंचवीस-सव्वीस दिवस झाले असतील. मी दुपारी चपला हातात घेऊन गेले, तर दारातच काकूंनी मला थांबवलं आणि बोटानं ऐकायला सांगितलं. आतून बारीक आवाज येत होता. करकर, करकर. मोगरी ज्वारीचं हिरवं कडवळ चावत होती!

ड्युटीवरचे सरपंच धावत आले. हवालदार आले. कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून नुसते हलवले. काकू पदराचा बोळा तोंडात धरून रडत होत्या. मीही रडले, उगीच कशाला लपवू?

आणखी आठवड्यानं मी मोगरीच्या कानातला कापूस काढला. नानांनी तो माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

* * *

आणि हा शेवटचा किस्सा.

जूनमधला दिवस. दवाखान्यापुढं ही गर्दी. म्हशी, शेळ्या, एक रेडा. रांगेच्या शेवटी मोगरी, ऐटीत मान हलवत, आणि तिच्या शेजारी नाना. गावाबाहेरच्या या दवाखान्यापर्यंत तीन किलोमीटर चालत आले होते. मोगरीच्या दाव्यावर रक्ताचे डाग दिसले. रांग सोडून मी धावले.

"काय झालं?"

"कुंपणाची तार लागली. गंजल्याली."

मी चारी पाय तपासले. खूर उचलून पाहिले. पोट, मान, छाती, सगळं चाचपलं. कुठं ओरखडासुद्धा नाही.

"नाना, कुठं लागलीय हिला?"

"तिला कुटं? मला लागलीया."

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. त्यांच्या डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, आणि टॉवेल लाल.

"अहो, मग इथं काय करताय? माणसांचा दवाखाना तुमच्या वाटेवरच लागतो! आधी जाऊन इंजेक्शन घ्या!"

"घेतो की."

"आणि हिचा धनुर्वाताचा डोस पुढच्या आठवड्यात आहे. कार्डावर लिहून दिलंय मी."

"वाचलंय." नानांनी चांगल्या हातानं मोगरीची मान माझ्यापुढं वळवली. "आज द्या. आदी तिला, मग मी जातो."