बनाबाईंनी पिशवी बंद केली

मंगळवार पेठेतल्या बनाबाईंच्या खानावळीत रश्श्यापेक्षा बनाबाईंचा आवाज तिखट, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन. फक्त ताट वाढून झाल्यावर. नवरा कृष्णात गल्ल्यावर बसायचा आणि पार्सल बांधायचा. उकळता रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ओतायचा, पिशवी गरकन फिरवून लाल रबर लावायचं आणि फुगलेल्या बेडकासारखी ती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची. यात त्याचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता.

तसलीच एक पिशवी रोज संध्याकाळी लेकीकडं जायची. राजनंदिनीला दिवस गेले होते आणि डोहाळे लागले होते आईच्या पांढऱ्या रश्श्याचे. जावई धैर्यशील कागलच्या एमआयडीसीतून सुटला की खानावळीवरून पिशवी घेऊन फुलेवाडीला घरी जायचा. लेकीच्या अंगाला लागतंय, म्हणून बनाबाई खूश.

मग एकदा त्या लेकीबरोबर तपासणीला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी खाणंपिणं विचारलं, पिशवीचं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"गरम, तेलकट पदार्थ प्लास्टिकमध्ये घातला की त्यातली काही रसायनं अन्नात उतरतात. शरीरातले हार्मोन असतात ना, थायरॉइडचे, बाळाच्या वाढीला लागणारे, त्यांच्या कामात ती लुडबुड करतात. एका पिशवीनं लगेच काही होतं असं नाही. पण रोज रोज? तेही पोटात बाळ असताना? कशाला?"

परतताना बनाबाईंनी रिक्षाच्या भाड्यावरून घासाघीससुद्धा केली नाही. असं आजवर घडलं नव्हतं. आपण कौतुकानं काय पाजत बसलो पोरीला, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. खानावळीत पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी पिशव्यांची बंडलं खुंटीवरून ओढून काढली.

"आजपास्नं पिशवी बंद. रस्सा पायजे त्यानं घरनं भांडं आणायचं."

"गिऱ्हाईक पळंल की," कृष्णात म्हणाला.

"पळू दे. त्यांच्या घरात बी लेकीबाळी हायत."

गिऱ्हाईक पळालं नाही. भांडं घेऊन आलं. आमच्या गावात थाळीबरोबर रस्सा मागाल तेवढा, हा आमचा जन्मसिद्ध हक्क. पिशवी होती तोवर त्या हक्काला काहीतरी माप होतं. आता एका थाळीच्या पार्सलला कुणी कुकर आणला, कुणी कळशी. गणपतराव पैलवान तर लग्नकार्यातलं पातेलं दोन्ही हातांनी धरून दारात उभे.

"गणपतराव, थाळी एकच न्हवं तुमची?"

"एकच की. पर भांडं आणा म्हणालासा. ल्हान आणा म्हणालासा व्हय?"

तांबडा-पांढरा रस्सा भर दुपारीच संपायला लागला. कृष्णात हवालदिल झाला. बायकोपुढं बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यानं माळ्यावर दडवलेली बंडलं काढली आणि मोरीशेजारची मागची खिडकी उघडली. पुढं भांडं, मागं पिशवी. हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं, बनाबाई सोडून.

जावयाला मात्र त्यांनी स्वतः स्टीलचा डबा घेऊन दिला होता. कृष्णातनं भरलेला डबा रोज जायचा आणि लखलखीत होऊन परत यायचा. बनाबाई निर्धास्त होत्या.

एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, रश्श्यात लाल रबर कसं गं आलं?"

दुसऱ्या दिवशी जावई निघाला तशा बनाबाई आडव्या आल्या. हातातला डबा घेतला, झाकण काढलं. आत पिशवी. गरम, फुगलेली, लाल रबर लावलेली.

"जावईबापू, ह्ये काय?"

"मामी, रस्सा सांडतुया ओ. पयल्याच दिवशी सगळी पँट भिजली. मामा म्हणालं, पिशवी डब्यात बसवतो, दारात गेल्यावर वता." धैर्यशील जरा थांबला. "शेवटी पोचतंय स्टीलमधनंच की."

जावयाला शिव्या देता येत नाहीत, हा आपल्याकडचा फार मोठा अन्याय आहे. बनाबाईंनी त्या सगळ्या कृष्णातला दिल्या. आम्ही जेवता जेवता मन लावून ऐकत होतो. पण मधेच त्यांचा आवाज फुटला. "माझी पोर रोज त्येच पितीया रं द्येवा!" आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

चिडलेल्या बनाबाईंची आम्हाला सवय होती, रडणाऱ्या बनाबाई कुणी पाहिल्या नव्हत्या. सगळे ताटात बघू लागले. गणपतरावांनी उठून मागची खिडकी लावून टाकली. "उद्यापास्नं बारका डबा आणतो, वयनी," ते पुटपुटले. कृष्णातनं उरलेली बंडलं मुकाट्यानं बायकोच्या हातात दिली.

बनाबाईंनी डोळे पुसले. दुधाची स्टीलची किटली उकळत्या रश्श्यानं भरली, झाकणावर फडकं आवळून बांधलं आणि जाऊन जावयाच्या मोटरसायकलवर मागं बसल्या.

"मामी, तुम्ही?"

"आता ती बाळंतीण हुईस्तोवर रोज. चला."

रंकाळ्याजवळच्या स्पीडब्रेकरला गाडी उडाली, किटली हिंदकळली आणि रस्सा थेट जावयाच्या पाठीवर.

"मामी, भाजलं!"

"भाजलं? म्हंजी अजून गरम हाय," बनाबाई म्हणाल्या. "हाणा गाडी. पोर वाट बघतीया."