जीप तापवायची वेळ

आमच्या येळ्ळूरला बर्फ पडत नाही, पण थंडीत धुकं असं उतरतं की गाडीचं बोनेटसुद्धा दिसत नाही. असल्या सकाळी आप्पा जीपचं इंजिन तापवत बसायचे. ती घरघर कानावर आली की आई चहा ठेवायची. आप्पा गेले, जीप विकली, मी बॅटरीवर गुपचूप निघणारी हायब्रीड घेतली.

गेल्या थंडीत एकदा निपाणीला ऑफिसला निघालो, तर गाडी आवाज न करताच फाटकापर्यंत गेली. आई धावत आली.

"चहा न घेताच निघालास व्हय रं?"

"तू ठेवलाच न्हाईस की."

"गाडी कुठं वाजली?"

मी चिडून काच वर केली. बाकी काहीच वाटलं नाही.

संकेश्वरच्या टपरीपाशी कुणीतरी जुनी जीप तापवत होतं. मी थांबलो, चहा मागितला. जीप निघून गेली, घरघर विरली, तसा मी भरलेला कप तिथंच ठेवून उठलो.