भांड्याचं म्हणणं

रविवारी मावशीकडे जेवायला जायचं म्हणजे तोंडाला कुलूप. तिचं बिडाचं जाड भांडं गॅसवर चढलं की स्वयंपाकघरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. आम्ही भाचरं तिला खडूस म्हणायचो, आणि ती होतीच. मांस घड्याळावर शिजत नाही, कानावर शिजतं, असं ती सांगायची. भांड्याचा सूर बदललेला तिला आतल्या खोलीतूनही कळायचा. मधेच झाकण उघडून बघणारा माणूस तिच्या मते झोपलेल्याला हलवून 'झोप लागली का' विचारणारा.

तीस वर्षं ती लाँड्रीत इस्त्रीवर होती. दिवसभर वाफेच्या यंत्रांची घरघर आणि हॉटेलांच्या चादरींचे ढीग. तिथून ती राठ तळहात घेऊन आली आणि कशाचीच घाई न करण्याची सवय. आणखीही एक गोष्ट ती घेऊन आली होती, पण ती आम्हाला फार उशिरा कळली.

मागच्या महिन्यात भांडं करपलं. पाणी आटलं, मांसाचा कोळसा झाला, धूर जिन्यात गेला. शेजारी दार ठोठावून दमले आणि मावशी आतल्या खोलीत दार लोटून उशीचे अभ्रे शिवत बसलेली. मामा तिचा धाकटा भाऊ. ताईला विसरायला होतंय, असा त्यानं निष्कर्ष काढला. पुन्हा असं झालं तर हे घर बंद, ती माझ्याकडे राहील, असं त्यानं सांगून टाकलं. त्याला काळजीच होती, पण मावशीचा त्या दोन खोल्यांत जीव अडकलेला. म्हणून ह्या रविवारी मी सकाळीच जाऊन बसले.

तिनं मांसाचा मोठा तुकडा तासभर आधीच फ्रीजबाहेर काढला होता. फडक्यानं तो कोरडा टिपला, मीठ चोळलं आणि कडकडीत तेलात ठेवला. मी उलटायला गेले तर हातावर चापट बसली. ओढायचं नाही, खरपूस झालं की ते आपणहून सुटतं. मग त्याच भांड्यात कांदे, लसूण, मिरे. गरम पाणी घालून बुडाला चिकटलेलं सगळं खरवडलं, कारण खरी चव तिथेच असते. पाणी मांसाच्या निम्म्यापर्यंतच. बटाटे-गाजरं शेवटच्या तासाला, नाहीतर त्यांचा लगदा होतो.

झाकण बसलं. खिडकीच्या काचा वाफेनं धुरकट झाल्या, रस्ता दिसेनासा झाला. खोलीभर तो वास हळूहळू पसरला आणि मला वाटलं, मी सात वर्षांची आहे आणि ही दुपार कधी संपणारच नाही. फार सुख वाटत होतं. डोळे मिटत आले होते, तेवढ्यात भांडं खदखदायला लागलं.

"मावशी, आच जास्त झालीय," मी तिच्या पाठीमागून म्हणाले. ती हलली नाही. मी पुन्हा म्हणाले. तरी नाही. विसरणं वगैरे काही नव्हतंच.

तेवढ्यात तिनं टॉवेलची जाड घडी झाकणावर ठेवली, तिच्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटले. मग गॅस अगदी बारीक केला. पुन्हा हात ठेवला. वळली तेव्हा माझा चेहरा पाहून तिला सगळं कळलं.

"कान गेलेत. हात नाही गेले," ती म्हणाली. "मामाला सांगू नकोस."

मामा आला तेव्हा मांस उतरवून झाकून ठेवलं होतं. शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही; मामा तर दर दोन मिनिटांनी झाकणाकडे बघत होता. वीस मिनिटांनी मावशीनं मांसाच्या धाग्यांना आडवे काप केले. सुरी नुसती टेकवावी लागत होती.

मामानं दोनदा घेतलं. मावशी ओट्याशी वाटीत रस काढत होती.

"ताई, तुझ्या हातची चव काही गेली नाही गं," तो तिच्या पाठीला म्हणाला.

ती रस काढत राहिली. तो जरा मोठ्यानं तेच म्हणाला. मी ताटात बघत बसले. मामानं चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. आता घर गेलं, असं मला वाटलं, आणि त्याचा रागही आला.

तो उठला. ओट्याशी तिच्या बाजूला जाऊन, तिला त्याचे ओठ दिसतील असा उभा राहिला.

"पुढच्या रविवारी लवकर येऊ का?" तो सावकाश म्हणाला. "बटाटे सोलायला?"

मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली, मी काही बोलले नव्हते. तिनं हात पदराला पुसले.

"ये," ती म्हणाली. "पण भांडं चढलं की बोलायचं नाही."