टँकरच्या दिवशी अर्धा तास

वाळूजच्या कारखान्यात आमच्या लाइनवर सुपरवायझर म्हणून एक बाई होत्या. दुष्काळाचं दुसरं वर्ष. कंपन्यांच्या मागं वस्त्या वाढत होत्या, नळ पोचले नव्हते. टँकर नेमका पहिल्या पाळीच्या वेळेला यायचा. त्या दिवशी बाई आमच्या वस्तीतल्या बायकांना अर्धा तास उशिरा येऊ द्यायच्या आणि तेवढा वेळ स्वतः मशीनवर उभ्या राहायच्या. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मला त्या जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग वाचायला शिकवायच्या. "जन्मभर पार्टच घासणार का रे? तपासनीस हो," म्हणायच्या. प्रशिक्षणासाठी माझं नावही त्यांनीच पाठवलं होतं.

मी मात्र पत्रकांवर वाढलेला. वडील चळवळीतले, मला अक्षरओळखच त्यांच्या पत्रकांवरून झाली. त्यांत मालक, साहेब आणि कामगार एवढीच माणसं असायची. भल्या साहेबाला कुठं बसवायचं ते मला कळेना, म्हणून मी बाईंना वगळलंच. "एकजुटीपुढं व्यवस्थापन झुकलं! टँकरच्या दिवशी उशिराची सवलत मिळवली!" असं पत्रक छापून गेटवरच्या टपरीत ठेवलं. त्यावर माझं नाव नव्हतं.

दुपारी मोठे साहेब पत्रक घेऊन लाइनवर आले.

"कुणी दिली ही सवलत?"

"मी दिली," बाई म्हणाल्या.

मी चार हात अंतरावर उभा होतो. पत्रक माझं आहे असं बोललो असतो तर प्रशिक्षणाच्या यादीतून नाव गेलं असतं. मी मान खाली घालून पार्ट घासत राहिलो. त्या घासण्याची लाज मला अजून वाटते.

बाईंना स्टोअरला बसवलं. सवलत बंद झाली. आमच्या शेजारच्या मावशी, देवगाव रंगारीकडची शेरडं विकून शहरात आलेल्या, पुढच्याच टँकरला उशिरा पोचल्या. गेटवरूनच परत पाठवलं, खाडा पडला. पत्रक कुणाचं ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"लई झुकवलंस रं बाबा," मला म्हणाल्या.

मी स्टोअरला गेलो. म्हणालो, तुमच्या बाजूनं दुसरं पत्रक काढतो. बाई हातमोज्यांचं खोकं बांधता बांधता थांबल्या.

"आता आणखी कुठं धाडतोस मला? त्यापेक्षा त्या बायकांचं पाणी कोण भरतंय ते बघ."

त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती. टँकर आला तेव्हा मी मावशींचा ड्रम घेऊन रांगेत उभा होतो. कामावर निघालेल्या मावशी थांबल्या.

"ह्याचंबी पत्रक काढणार व्हय?"

"नाय, मावशी."

"मग पाइप नीट धर. सांडतंय."